फाटकातला राखणदार

दगड हलवायचा होता, एवढंच. कृष्णनाथ गावसांनी आयुष्यात याहून मोठी कामं केली होती. एका खाण कंपनीच्या डिचोलीतल्या कचेरीत ते हेडक्लार्क होते. रोज हजारो टन खनिज ते कागदावरून इकडचं तिकडे करत, आणि त्यातला एक खडासुद्धा कधी त्यांच्या बुटात गेला नव्हता. त्यामुळे आपल्याच फाटकातला कमरेएवढा काळा दगड हातभर बाजूला सरकवणं हे काम त्यांनी रविवारी सकाळी, पदेर पाव देऊन जाईल आणि चहा होईल, त्या मधल्या वेळेसाठी राखून ठेवलं होतं.

कारण होतं स्कूटर. तिच्यासाठी नाव नोंदवलं तेव्हा त्यांची मुलगी गौरवी प्राथमिक शाळेत होती. स्कूटर दारात आली तेव्हा ती बारावी पास झाली होती. गोव्याला घटक राज्याचा दर्जा आणि कृष्णनाथबाबना स्कूटर, दोन्ही गोष्टी एकाच सुमाराला मिळाल्या. त्यांतल्या कशाला जास्त वाट पाहावी लागली याबद्दल त्यांचं मत ठाम होतं. पण राज्य आपसूक आत आलं आणि स्कूटर फाटकाबाहेर राहिली, कारण फाटकाच्या खांबाला लागून तो दगड उभा होता आणि उरलेल्या फटीतून माणूस, सायकल आणि वासरू याखेरीज काही आत जात नसे. जूनचे दिवस. वाड्यावरच्या कोंबड्या नव्या सीटवर बसून पाऊस चुकवत होत्या.

याच सुमाराला गौरवीने घरात जाहीर केलं, की तिला इतिहास घेऊन बी.ए. करायचं आहे.

कृष्णनाथबाबच्या घरी भाषांचा वाद कधी नव्हता. रागावताना ते कोकणी बोलत, उपदेश मराठीत करत आणि साहेबांपुढे इंग्रजीत गप्प बसत. या प्रसंगी त्यांनी मराठी निवडली.

"गौरवी, मेलेल्या माणसांच्या मागे लागणाऱ्या जिवंत माणसाला पगार कोण देतो? कॉमर्स कर. खाण आहे, बँक आहे, निदान सोसायटी आहे. पानिपतावर कोण हरलं हे ठाऊक आहे म्हणून कुणाला नोकरी लागलेली ऐकली आहेस?"

"बाबा, कोण हरलं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. का हरलं ते विचारायचं असतं."

"ते हरलेल्यांनी विचारायचं. आपण महिनाअखेरच्या शनिवारी म्हापशाला जाऊन कॉमर्सला प्रवेश घ्यायचा."

गौरवी गप्प बसली. ही मुलगी गप्प बसली म्हणजे हरली असं नसतं, हे घरात फक्त तिच्या आईला, विनोदिनीला, ठाऊक होतं. आणि विनोदिनी स्वयंपाकघरात होती.

रविवारी गोपाळ गवंडी पहार घेऊन आला. फाटकापर्यंत आला, दगड पाहिला, पहार खाली ठेवली आणि चपला काढल्या. कृष्णनाथबाबना वाटलं, कामाची पद्धत असेल. पण गोपाळने दगडाला हात जोडले आणि पहार पुन्हा खांद्यावर घेतली.

"हांव हात लावचों ना, कृष्णनाथबाब. म्हज्या घरांत भुरगीं आसात."

"अरे, माझ्याही घरात आहेत! दगडाचा आणि पोराबाळांचा काय संबंध?"

संबंध सांगायला शेजारचा शंभू हजरच होता. शंभूचं वळणावर नारळ, विड्या आणि काडेपेट्यांचं दुकान होतं. पण त्याचा खरा माल म्हणजे सल्ला, आणि तो फुकट असल्यामुळे त्याचा साठा कधी संपत नसे. "कृष्णनाथबाब," तो आवाज खाली आणून म्हणाला, "हो फातर न्हय. हो राखणदार, गांव राखता तो देव. तुमच्या घरच्यो बायलो रोज तिनसांजे दिवो लायतात तो कोणाक? फातराक?"

हे मात्र खरं होतं. विनोदिनी रोज तिन्हीसांजेला त्या दगडापाशी पणती लावत असे. तिच्याआधी कृष्णनाथबाबची आई लावायची, तिच्याआधी काकी. पण घरातल्या बायका कुठे कुठे दिवे लावतात याची चौकशी करायची पद्धत कृष्णनाथबाबच्या घराण्यात नव्हती.

"हांव किदें म्हणटां..." विनोदिनी पदराला हात पुसत बाहेर आली.

"तूं राव गो," कृष्णनाथबाबनी तिला थांबवलं. ही पुरुषांची बाब होती.

गोपाळ गेला. शंभू जायला तयार नव्हता. तेव्हा केवळ शंभूला दाखवण्यासाठी कृष्णनाथबाबनी स्कूटर त्या फटीतून स्वतः आत घ्यायचं ठरवलं. थोडी तिरकी केली की जाईल, असा त्यांचा हिशेब होता. स्कूटर तिरकी झाली, पुढचं चाक आत गेलं, हँडल खांबात अडकलं, मागचा फुगीर भाग दगडाला टेकला आणि मधोमध कृष्णनाथबाब. त्यांना पुढे जाता येईना, मागे येता येईना, आणि पायजम्याची नाडी ब्रेकच्या दांडीत गुंतलेली असल्यामुळे सरळ उभंही राहता येईना. वाड्यावरची माणसं जमली. कुणी म्हणालं उजवीकडे काढा, कुणी म्हणालं डावीकडे. शंभू म्हणाला, आधी नारळ फोडा. नारळ कुठे मिळतो हे सांगायची त्याला गरज नव्हती. शेवटी चौघांनी मिळून ओढल्यावर स्कूटर एका बाजूला सुटली, कृष्णनाथबाब दुसऱ्या बाजूला, आणि त्यांचा घोटा लिंबाएवढा सुजला.

आता घसरून पडलेल्या माणसाला लोक हळद लावतात, शेक देतात, विसरतात. पण राखणदाराने पाडलेला माणूस ही गोष्ट वेगळी असते. दुपारपर्यंत बातमी अशी झाली, की दगडाने कृष्णनाथबाबना ढकललं. संध्याकाळी, स्कूटर आपोआप उलटली. बुधवारी डिचोलीच्या बाजारात देवकीला, म्हणजे पलीकडच्या घरातल्या विधवा शेजारणीला, एका अनोळखी बाईने मासळीच्या टोपलीवरून सांगितलं, की अमुक वाड्यावर एक हेडक्लार्क राखणदाराला लाथ मारायला गेला आणि त्याचा पाय तसाच हवेत राहिला आहे. देवकीने तिला सांगितलं की पाय खाली आलेला मी स्वतः पाहिला. पण त्या बाईला ते आवडलं नाही.

आणि मग लोक येऊ लागले. खनिजाच्या ट्रकांवरचे सावंतवाडीकडचे ड्रायव्हर वळणावर ट्रक थांबवून दगडापाशी विडी ठेवू लागले. कुणी जाड भाकरीचा रोट आणला, कुणी बाटलीतली दोन थेंब दारू शिंपडली. शंभूचे नारळ संपले, त्याने नवे मागवले. दगडाला गोंड्याच्या फुलांची माळ आली. जाता-येता माणसं फाटकातून आत डोकावत आणि पडवीत पाय वर करून बसलेल्या कृष्णनाथबाबकडे, शिक्षा झालेला माणूस पाहावा तसं पाहून चुकचुकत. सगळ्यांत वाईट हे, की काही जण त्यांच्याही पाया पडत.

कृष्णनाथबाब हरणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी आधी देवाचा मार्ग धरला. लंगडत देवळात गेले आणि प्रसाद, म्हणजे कौल, मागितला. देवाच्या अंगावर पाकळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. भटजींनी स्वच्छ आवाजात विचारलं, "यजमानान फातर हालोवंचो काय ना?" बराच वेळ काहीच पडेना. मग दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या.

"म्हणजे?" कृष्णनाथबाबनी विचारलं.

भटजींनी डोळे मिटून थोडा विचार केला. "देव म्हणता, हो म्हजो विशय न्हय. तुमचें तुमी पळयात."

तुमचं तुम्ही बघा, इतकं सरळ उत्तर कृष्णनाथबाबना कुठल्याही कचेरीत मिळालं नव्हतं. तरी त्यांनी मग सरकारी कचेरीचा मार्ग धरला. तिथल्या कारकुनाने पहिला प्रश्न विचारला, की दगड तुमचा की रस्त्याचा? तुमचा असेल तर आमच्याकडे कशाला आलात, आणि रस्त्याचा असेल तर तुम्ही कोण? दुसरं म्हणजे, परवानगी द्यायची तर शिक्का लागतो. जुन्या शिक्क्यावर अजून केंद्रशासित प्रदेश आहे, आणि आता आपण राज्य झालो. नवा शिक्का येईपर्यंत काही हलवता येणार नाही. आणि तिसरं म्हणजे, पूजा होत असलेली वस्तू हलवायला वाड्यावरच्या सगळ्यांची सही लागते, असा नियम आहे.

कृष्णनाथबाब घरी आले आणि सुजलेला पाय पाटावर ठेवून बसले. बाहेर कुणीतरी नारळ फोडला. दगड हलला नाही तो नाही. पण चाळीस वर्षं या गावात मान खाली न घालता वावरलेल्या माणसाकडे आता ट्रकचे क्लीनरसुद्धा दयेने बघतात, हे त्यांना फार लागलं होतं.

"बाबा," गौरवी शेजारी येऊन बसली. "याला राखणदार कुणी केलं?"

"कुणी केलं म्हणजे? तो असतोच."

"असतोच असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

कृष्णनाथबाबनी आठवून पाहिलं. कुणी सांगितलं ते आठवेना. आणि गंमत अशी, की त्या क्षणापर्यंत त्यांना केवळ दगड हलवायचा होता. आता पहिल्यांदा, दगड तिथे आला कसा, हे त्यांना मनापासून जाणून घ्यावंसं वाटलं. ही इच्छा मुलीला दिसू नये म्हणून ते मराठीत शिरले.

"ठीक आहे. इतिहासाचा काय उपयोग ते दाखव. हा दगड काय आहे, इथे का आहे, हे शनिवारच्या आत पुराव्यानिशी सांग. ऐकीव नको. सांगितलंस तर घे तुझा इतिहास. नाहीतर मुकाट्याने कॉमर्स."

"आणि सांगितलं तर पुन्हा कधी कॉमर्सचं नाव नाही."

"नाही."

"आयकात," विनोदिनी दारातून म्हणाली, "त्या फातराचें..."

"आई, थांब गो जरा!" हे या वेळी गौरवीच म्हणाली. इतिहासाचं काम सुरू झालं होतं.

तिची पद्धत साधी होती, आणि साधी असल्यामुळेच लोकांना फार त्रासदायक. ती कुणाशी वाद घालत नसे. दगडाबद्दल जो जे सांगेल ते शांतपणे ऐकून घ्यायची आणि मग विचारायची, "हें तुका कोणें सांगलें?" शंभूने सांगितलं, की एका पोर्तुगीज अंमलदाराचा घोडा या दगडापाशी अडला आणि मागच्या पायांवर उभा राहिला. "कोणें सांगलें?" म्हटल्यावर शंभू म्हणाला, म्हाताऱ्यांनी. कुठल्या? शंभूने डोकं खाजवलं. आईने सांगितलं होतं, पण तिने फक्त राखणदार म्हटलं होतं. घोडा? घोडा बहुतेक मागच्या सोमवारी आला होता. गोपाळ गवंड्याला ते शंभूने सांगितलं होतं. देवकीला तिच्या सासूने. सासूला कुणी? देवकीने पुष्कळ आठवलं आणि म्हणाली, "तुमच्याच घरच्यान सांगिल्लें, शेवंतीन." शंभूच्या आईलाही, म्हणे, शेवंतीनेच. वाड्यावरचे सगळे ओहळ मागे मागे जात एकाच झऱ्याशी येऊन थांबत होते.

कृष्णनाथबाब लंगडत तिच्या मागे असायचे. आधी पहारा म्हणून, मग उत्सुकतेने, मग तर तेच पुढे. तो प्रश्न त्यांच्या जिभेवरच बसला. खाण कंपनीच्या कचेरीत साहेब म्हणाले, की ट्रकवाले माप मारतात अशी तक्रार आहे. तर आयुष्यात पहिल्यांदा कृष्णनाथबाबच्या तोंडून इंग्रजीत आवाज निघाला: हू टोल्ड यू, सर? साहेबांना दुसऱ्या साहेबांनी सांगितलं होतं, त्यांना कँटीनवाल्याने, आणि कँटीनवाल्याने जे सांगितलं होतं ते चहाच्या मापाबद्दल. महिनाभर रखडलेलं प्रकरण दुपारच्या जेवणाआधी मिटलं. साहेबांनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि बसायला सांगितलं. हेही पहिल्यांदाच.

मग कृष्णनाथबाब छाती काढून पुन्हा त्या कारकुनाकडे गेले. "वाड्यावरच्या सगळ्यांची सही लागते हा नियम तुम्हाला कुणी सांगितला?"

"नियम आहे."

"पाहिला आहे का तुम्ही?"

कारकुनाने पाहिला नव्हता. त्याला आधीच्या कारकुनाने सांगितला होता. आधीचा कारकून आता आतल्या खोलीत अधिकारी झाला होता. त्याने तो निवृत्त झालेल्या कुणाकडून ऐकला होता. कारकुनाच्या चेहऱ्यावर हळूहळू भीती पसरली. या वाटेने माणूस चालत राहिला तर कचेरीचं काय काय शिल्लक राहील, याचा त्याला अंदाज आला असावा. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "कृष्णनाथबाब, तुमचो फातर तुमी खंयूय व्हरात."

म्हणजे दगड आता हलवता येत होता. देवाची हरकत नव्हती, सरकारची नव्हती. पण शुक्रवारी सकाळी कृष्णनाथबाबनी गोपाळला बोलावलं नाही. रजा टाकली आणि गौरवीला घेऊन लाटंबार्शाची बस पकडली, कारण शेवंतीकाकी तिथे होती.

शेवंतीकाकी म्हणजे कृष्णनाथबाबच्या धाकट्या काकाची बायको. काका वारल्यावर ती आपल्या माहेरच्या काजूबागेत येऊन राहिली होती. वय झालेलं, दात नाहीत, पण डोळे लख्ख. अंगणात मधोमध खुर्ची टाकून ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हाका मारत बसली होती.

"किस्ना! पायाक किदें जालें रे?"

पायाची हकिगत सांगितल्यावर म्हातारी इतकी हसली, की भावाच्या नातसुनेला तिच्या पाठीवर थोपटावं लागलं. "तो? अरे, तो म्हशीचो फातर रे! तुज्या आजोबान पुरिल्लो. म्हस ताका आंग घासताली!"

कृष्णनाथबाबच्या डोळ्यांसमोर नारळ, विड्या, गोंड्याच्या माळा आणि त्यांच्या पाया पडणारे ट्रक ड्रायव्हर असे ओळीने येऊन गेले. म्हशीची पाठ खाजवायच्या दगडाने त्यांना गावभर पापी ठरवलं होतं.

"मग राखणदार कुणी म्हटलं, आजी?" गौरवीने विचारलं.

"हांवें."

आणि म्हातारीने सांगितलं. लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा ती गौरवीपेक्षाही लहान होती. सासू करडी. सुनेने पडवीच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. विहीर मागच्या बाजूला, गोठा मागच्या बाजूला. रस्ता तेवढा पुढच्या बाजूला. त्या रस्त्याने दर बुधवारी लाटंबार्शाची माणसं बाजार करून परत जात. तिचा भाऊ जाई, आईसुद्धा कधी कधी जाई. त्यांच्या बोलण्याचा आवाज स्वयंपाकघरात यायचा आणि हिला चुलीपुढून उठता यायचं नाही. असं वर्ष गेलं. मग एक दिवस सकाळी तिने सासूला सांगितलं, की स्वप्नात एक दांडगा काळा माणूस आला, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि म्हणाला, मी फाटकात उभा आहे आणि मला कुणी दिवा दाखवत नाही.

"मागीर?" मग पुढे काय झालं, ते गौरवीला ऐकायचं होतं.

"मागीर किदें? सासू भियेली. म्हणाली, रोज तिनसांजे तूंच वच. तुकाच दिश्टी पडलो मरे." काकीने पदराने डोळे पुसले, हसण्याने आलेलं पाणी होतं की दुसरं, ते कळलं नाही. "तेवढो वेळ म्हजो. वात पेटना म्हणून हांव उबी रावतालीं. वारो आसा म्हणून रावतालीं. आवय दिसताली, भाव दिसतालो. बाबा, ताणें राखलें तें म्हाकाच."

कृष्णनाथबाब आपल्या सुजलेल्या पायाकडे बघत राहिले. त्यांना आजी आठवत होती, कडक, सोवळी, सगळ्या गावाने मान दिलेली. ते लहान असताना काकी दिवा लावायला जायची तेही आठवत होतं. हिला एवढा वेळ का लागतो, असं आजी ओरडायची, आणि तेसुद्धा ओरडायचे, कारण त्यांना तिच्या हातची भाकरी हवी असायची.

निघताना काकी म्हणाली, "हालय रे आतां तो. हांव आतां मन जाता तेन्ना भायर बसतां."

परतीच्या बसमध्ये बाप-लेक शेजारी बसले. डिचोली जवळ आल्यावर कृष्णनाथबाब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "उद्या म्हापशाला सकाळची बस पकडू. इतिहासाला गर्दी नसेल, पण लवकर गेलेलं बरं." गौरवीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. हे तिने चौथीनंतर केलं नव्हतं.

वाड्यावर उतरले तेव्हा तिन्हीसांज होत होती. पाऊस उघडला होता. शंभूच्या दुकानाच्या छपराखाली स्कूटर ताडपत्री पांघरून उभी होती. आणि फाटकात, दगडापाशी, विनोदिनी हातात पणती घेऊन उभी होती. समोर कुंपणाला टेकून देवकी. पणती पेटलेली नव्हती. विनोदिनी काहीतरी सांगत होती, हातवारे करत, अडकलेल्या माणसासारखी कंबर वाकडी करून, आणि दोघी खळखळून हसत होत्या. कृष्णनाथबाब थबकले. बायकोचा असा आवाज त्यांनी घरात कधी ऐकला नव्हता. ती कुणाची नक्कल करत होती, हे कळायला मात्र वेळ लागला नाही.

त्यांची चाहूल लागताच देवकी पसार झाली. विनोदिनीने पदर सावरला आणि काडी ओढली. "काकी बरी आसा?"

"बरी आहे." कृष्णनाथबाबनी घसा साफ केला. कसं सांगावं ते त्यांना कळेना. कोकणी की मराठी, तेही ठरेना. "विनोदिनी, हा दगड... म्हणजे हा राखणदार... खरं म्हणजे..."

"म्हशीचो फातर," विनोदिनी म्हणाली आणि वात सारखी केली.

कृष्णनाथबाबच्या जिभेवर होता तोच प्रश्न बाहेर आला. "तुका कोणें सांगलें?"

"काकीन. हांव न्हवरी जावन आयलें त्याच वर्सा. म्हणाली, तुकाय गरज पडटली, दिवो सोडूं नाका."

"आणि तू इतके दिवस... मी पडलो, देवळात गेलो, कचेरीत गेलो, ही पोर सगळा वाडा धुंडाळत होती... तू सांगितलं का नाहीस?"

विनोदिनीने पणती दगडावर ठेवली. रागावून नव्हे, अगदी साध्या आवाजात ती म्हणाली, "सगळ्या गांवाक विचारलें तुमी. म्हाका कोणें विचारलें?"

भावी इतिहासकार गौरवी गावस हिने मान खाली घातली. मग ती दगडाच्या कडेला, ओल्या पायरीवर, आईजवळ बसली. "आई, सुरवातेसावन सांग."

विनोदिनी सांगू लागली. कृष्णनाथबाब क्षणभर उभे राहिले. फाटक रुंद करायचं तर खांबही पाडता येतो, दगडच हलवायला हवा असं काही नाही, हे त्यांच्या इतक्या दिवसांत प्रथमच लक्षात आलं. मग चहा टाकावा म्हणून ते लंगडत आत गेले. चूल पेटली, पाणी उकळलं, तीन पेले सापडले. साखर सापडेना. साखर कुठे असते हे त्या घरात एकाच व्यक्तीला ठाऊक होतं, आणि ती बाहेर बसली होती. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि एकेक डबा उघडून पाहू लागले.